घासणाऱ्या वस्तूवरील चित्र

भिंतीवर चित्र काढणे निराळे आणि होडीवर चित्र काढणे निराळे. भिंत एकदा उभी राहिली की आपल्या जागी स्वस्थ असते. फार तर तिला पावसाची ओल येते, पोरे कोळशाने रेघोट्या ओढतात. होडी जन्मभर घासत असते. पाण्याशी घासते, वाळूशी घासते, शेजारच्या होडीशी घासते. जाळे ओढताना दोर तिच्या काठावरून करकरत जातो. आणि तरीही आपल्या केळशीच्या खाडीत, किंवा थोडे खाली हर्णैच्या बंदरात, जिच्या अंगावर नाव, नक्षी किंवा निदान एक रंगीत पट्टा नाही अशी होडी शोधून काढावी लागेल. कुणी महालक्ष्मीचे नाव लिहितो, कुणी लेकीचे. कुणी चंद्रकोर काढतो, कुणी कमळ. माणसाला आपली वस्तू आपली म्हणून ओळखू यावी असे वाटते, आणि लाटेत खालीवर होणाऱ्या पन्नास होड्यांत ती लांबून ओळखू येण्याची सोयही असते.

प्रश्न एवढाच आहे, की हे नाव टिकत का नाही? श्रावणात काढलेले अक्षर होळीला पुसट का होते? उलट, सावंतवाडीच्या गंजिफाच्या पानांवरील मत्स्य आणि कूर्म हजारो वेळा हातातून हातात घसरूनही वर्षानुवर्षे तसेच्या तसे कसे राहतात? रंगाच्या किमतीत याचे उत्तर नाही. रंग वस्तूच्या कोणत्या थरात बसवला आहे, यात ते आहे.

या प्रश्नाचा फार कसून विचार ज्यांनी केला आहे त्यांत स्की तयार करणारे कारागीर येतात. केळशीच्या व्याख्यानात बर्फाचे काय काम, असे कुणी म्हणेल. पण स्की आणि होडी या सख्ख्या बहिणी नसल्या तरी मावसबहिणी खास आहेत. स्की म्हणजे बर्फावरून घसरण्यासाठी पायांना बांधायच्या दोन लांब, अरुंद पट्ट्या. आपल्या देशात गुलमर्गला त्या पाहायला मिळतात. आत लाकडाचा गाभा, त्याच्या खालीवर काचतंतूंचे कापड, सगळे राळेसारख्या रासायनिक चिकटद्रव्यात मुरवून दाबलेले, कडेला पोलादाची धार. लाकूड, काचतंतू आणि राळ! आपल्या जुन्या आणि नव्या होड्यांचे साहित्य एकाच वस्तूत आले. ती वाकते, भिजते, उन्हात तापते आणि अखंड घासते. शिवाय तिच्यावर स्वतःच्या आवडीचे चित्र असावे असा हौशी लोकांचा आग्रह असतो. तिची गोष्ट पुढे सांगतो. आधी आपली लाकडी होडी.

लाकडी होडी रंगवणाऱ्याचे पहिले साहित्य रंग नसून गोडे पाणी आहे. हे नवख्याला पटत नाही. समुद्रातून वर काढलेली होडी उन्हात वाळली की कोरडी दिसते, पण तिच्या लाकडाच्या छिद्रांत मिठाचे कण बसलेले असतात. मीठ पाणी ओढून घेते. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातले मीठ कसे पाझरते ते सर्वांनी पाहिले आहे. रंगाच्या पापुद्र्याखाली मीठ राहिले तर ते बाहेरची ओल आत खेचते, तेथे पाण्याचा फुगा येतो, आणि एक दिवस रंग टरफलासारखा सुटतो. लोक दुकानदाराला शिव्या देतात. दोष बहुधा न धुतलेल्या लाकडाचा असतो. तेव्हा गोड्या पाण्याने धुणे, सावलीत वाऱ्यावर वाळवणे, मग घासणे, असा क्रम. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते आणि नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली असते. अशा घाईत, दोन सरींच्या मधल्या उन्हात जो रंग लावला जातो त्याचे आयुष्य लाकडाच्या ओलीने आधीच अर्धे केलेले असते. ज्याला जमेल त्याने जूनच्या आरंभी होडी शाकारण्यापूर्वीच अस्तराचा हात देऊन ठेवावा.

दुसरे साहित्य तेल. येथे थोडे रसायनशास्त्र सांगितले पाहिजे. खोबरेल ताटलीत ओतून महिनाभर ठेवले तरी ते तेलच राहते. अळशीचे तेल पातळ पसरून ठेवले तर काही दिवसांत त्याची कातडी बनते. त्याला आपण ‘वाळणे’ म्हणतो, पण त्यातून काही उडून जात नाही. उलट तेल हवेतला प्राणवायू घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि जाळे तयार होते. तेलाची ही गुंतण्याची ताकद रसायनशास्त्रज्ञ आयोडीनच्या अंकाने मोजतात. खोबरेलाचा हा अंक दहाच्या आसपास, अळशीच्या तेलाचा १७० ते २०० च्या दरम्यान. कोकणात नारळ मुबलक असूनही रंगाच्या कामाला अळशीचे तेल घाटावरून आणावे लागे, त्याचे कारण हे. आपल्या उंडीचे कडू तेल लाकडात मुरते आणि लाकूड राखते, पण त्याचे असे कठीण कवच होत नाही. जाता जाता एक सूचना: अळशीच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. प्राणवायू घेताना तेल तापते, आणि तेलकट चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेतो. ते उन्हात पसरून वाळवावेत.

या तेलात काय मिसळायचे? जुना पाठ शेंदूर आणि सफेता यांचा होता. खरा शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म, सफेताही शिशाचाच. अळशीच्या तेलात सफेता मळून सांध्यांत भरायचे लुकण होई, आणि खिळ्यांच्या डोक्यांवर शेंदराचा हात दिला की लोखंड गंजण्याचे थांबे. जगभरच्या आगबोटींच्या पत्र्यावर हेच तांबडे अस्तर असे. मारुतीच्या अंगावर वर्षानुवर्षे चढत जाणारे शेंदराचे कवच आणि बोटीचे अस्तर ही एकाच घराण्यातली. गुण मोठा, पण शिसे विषारी. लहान मुलांच्या मेंदूला तर विशेष अपायकारक. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. मात्र तो घरगुती रंगांपुरता आहे. जुन्या होडीवर चढलेल्या थरांत काय आहे हे त्या नियमाने बदललेले नाही. याकडे शेवटी पुन्हा यायचे आहे.

आज दुकानातून जो ऑइलपेंट येतो त्यात तेलाला कृत्रिम राळेची जोड दिलेली असते. वाळण्याची क्रिया तीच. रंग निवडताना लोक चकाकी पाहतात, मी म्हणतो द्रव्य पाहा. स्वस्त भडक लाल दोन उन्हाळ्यांत गुलाबी पडतो, कारण त्यातले सेंद्रिय रंगद्रव्य ऊन मोडून टाकते. गेरूचा तांबडा, ज्याला दुकानात रेड ऑक्साइड म्हणतात, तो दिसायला मळकट, पण उन्हाला दाद देत नाही. तो आधीच गंजलेले लोखंड आहे, आणखी काय व्हायचे राहिले? निळा बहुधा टिकतो. पांढरा टिकतो, पण त्याची भुकटी बोटाला लागते.

आता अक्षर. जाणता रंगारी आधी दोरी गेरूत बुडवून सूत मारतो, कारण होडीची बाजू वाकडी असते आणि तिच्यावर सरळ ओळ डोळ्याने येत नाही. दोरी ताणून मारलेली रेघ कुशीच्या बाकाबरोबर जाते. मग एक तर हाताने, नाही तर छापा लावून. छाप्याला कागद लगेच भिजतो, पत्रा वाकत नाही. म्हणून वापरून झालेल्या एक्स-रेच्या फिल्मचा छापा हा आपल्या रंगाऱ्यांचा फार चांगला शोध आहे. ती वाकते, धुता येते, पुन्हा वापरता येते. नक्षी गुंतागुंतीची असेल तर कागदावर रेषेरेषेने टाचणीची भोके पाडायची आणि त्यावरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. खाली ठिपक्यांची रेषा उमटते. याला खाका म्हणतात, आणि दरबारी चितारी व होडीचा रंगारी दोघेही तो वापरत आले आहेत.

इतके करूनही हे चित्र सर्वांत वर आहे. त्याच्या आणि वाळूच्या मध्ये काही नाही. खनिजांच्या काठिण्याच्या मोजपट्टीवर हिरा दहावर, तर आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूतील गारेचा कण सातवर येतो. रंगाचा पापुद्रा त्याच्यापुढे लोण्यासारखा. म्हणून होडी वाळूवरून ओढताना जो भाग टेकतो त्या पठाणावर कुणी चित्र काढीत नाही. चित्र नाळेवर आणि वरच्या फळ्यांवर, जेथे फक्त दोर आणि ऊन यांच्याशी गाठ आहे. हे शहाणपण कुणी पुस्तकातून घेतलेले नाही. लाकडी होडीचे उत्तर असे: चित्र वरच काढा, झिजणार हे धरून चाला, आणि दर वर्षी नवे करा. शिमग्याला घर सारवतो तसे.

सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी दुसरे उत्तर काढले. गंजिफाचे पान करताना कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवतात, त्यावर पांढऱ्या खडूचे अस्तर देऊन गुळगुळीत घोटतात, मग चित्र काढतात, आणि चित्रावर लाखेचे पारदर्शक रोगण चढवतात. दशावतारी डावात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने. खेळणाऱ्याचे बोट रंगाला कधी लागतच नाही. ते लाखेला लागते. झिजते ती लाख. लाखेचा दोष असा, की स्पिरिटमध्ये विरघळवलेले रोगण दमट हवेत लावले तर त्यावर पांढुरका पडदा येतो, आणि अखंड पाण्यात ती टिकत नाही. पानाला चालते, होडीला नाही. ही कला मोडकळीस आली असता सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध चितारी पुंडलिक यांच्याकडून ती स्वतः शिकून घेऊन राजवाड्यात तिचे काम पुन्हा सुरू केले, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. चित्राला आवरणाखाली ठेवण्याची विद्या आपल्या शेजारच्या जिल्ह्यात घरचीच आहे, बाहेरून आणावी लागत नाही.

स्कीवाल्यांनी तेच तत्त्व घेऊन पुढे नेले. स्कीच्या माथ्यावर साधारण अर्ध्या मिलिमीटरचे पारदर्शक प्लॅस्टिकचे पान असते. चित्र त्या पानाच्या वरच्या बाजूला न छापता खालच्या बाजूला, उलटे छापतात. पान चिकटवले की ते सुलटे दिसते. दुकानातल्या काचेवर आतून रंगवलेली अक्षरे असतात, तसेच. दुसरी रीत याहून चमत्कारिक आहे. विशिष्ट शाई कागदावर छापून तो कागद प्लॅस्टिकवर ठेवतात आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून दाबतात. शाई न वितळता एकदम वायुरूप होते, कापूर होतो तशी, आणि तापून सैल झालेल्या प्लॅस्टिकच्या आत शिरते. थंड झाल्यावर बाहेर पडायला वाट नसते. चित्र आता पानावर नाही, पानात आहे. ओरखडा पडला तरी रंग निघत नाही.

खालची बाजू याहून अवघड. तेथे पॉलिथिलिनची एक फार चिवट जात वापरतात, आणि पॉलिथिलिनला काहीच चिकटत नाही. आपली दुधाची पिशवी रंगवून पाहा. मागची बाजू ज्योतीने क्षणभर भाजून चिकटण्याजोगी केली तरच ते स्कीला बसते. त्यावर नक्षी हवी असेल तर निरनिराळ्या रंगांची पाने कापून, एकाच्या भोकात दुसऱ्याचा तुकडा तंतोतंत बसवतात. लाकडात हस्तिदंत जडवावे तसे हे जडावाचे काम. तेथे रंगाचा थर असा नाहीच. जो रंग वर तोच आरपार.

घरच्या घरी स्की बनवणारे हौशी लोक पातळ कागदावर किंवा कापडावर चित्र छापतात, ते काचतंतूंच्या कापडाखाली ठेवतात आणि वरून राळ मुरवतात. त्यात एक फसगत ठरलेली. राळेने भिजलेला कागद तेलकट कागदासारखा पारदर्शक होतो आणि चित्रातला पांढरा भाग नाहीसा होऊन खालचे लाकूड दिसू लागते. पांढरे हवे असेल तर कागदाखाली पांढऱ्या रंगाचे अस्तर आधी दिले पाहिजे. तयार स्कीवर वरून रंगवायचे झाल्यास मात्र त्यांनाही आपल्याच वाटेने जावे लागते: घासणे, पुसणे, रंगवणे आणि दोन द्रव्ये मिसळून होणाऱ्या पारदर्शक रोगणाचा हात. हे रोगण लवचिक असावे लागते, कारण स्की वाकते आणि ठिसूळ कवच तडकते.

आता आपल्या फायबरच्या होडीकडे पाहू. लाकडी होडी आतून बाहेर बांधतात, फायबरची बाहेरून आत. साच्याला मेण लावून घोटतात, त्यावर रंगीत जेलकोटचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास थर देतात, आणि मग काचतंतूंचे थर राळेत मुरवत जातात. होडी साच्यातून निघते तेव्हा जो थर प्रथम दिला तो सर्वांत बाहेर असतो. म्हणजे रंग आधी, होडी नंतर! नाव किंवा पट्टा जेलकोटातच हवा असेल तर तो साच्यात, उलटा, होडी जन्मण्यापूर्वी काढला पाहिजे. हे सहज करता येण्यासारखे आहे, पण विकत घेणारा येतो होडी तयार झाल्यावर. मग तो तिच्यावर ऑइलपेंटने नाव लिहून घेतो, आणि पहिल्याच हंगामात अक्षराची साल निघते. कारण साच्याचे मेण अजून तिच्या अंगावर असते. मेणावर रंग बसत नाही हे दिवाळीला मेणबत्तीने कागदावर रेघा ओढून त्यावर रंग फिरवणाऱ्या मुलालाही ठाऊक आहे. नव्या फायबर होडीला आधी मेण काढणाऱ्या द्रवाने पुसावे, पुसलेले फडके परत परत फिरवू नये, मग १८० ते २२० नंबरच्या पॉलिश कागदाने तुळतुळीतपणा मोडावा, त्याच जातीचे अस्तर द्यावे आणि मगच अक्षर काढावे. एका दिवसाचे काम वाढते, पण अक्षर चार-पाच हंगाम निघत नाही.

चिकटपट्टीची अक्षरे, ज्यांना सगळे स्टिकर म्हणतात, ती हल्ली फार दिसतात. त्यांतही दोन जाती आहेत. लाटून केलेली जाड फिल्म स्वस्त असते, पण ती आपला ताण विसरत नाही. उन्हात आक्रसते आणि कडा उचलल्या की पाणी आत शिरते. ओतून केलेली पातळ फिल्म महाग, ती होडीच्या बाकावर शांत बसते. पाण्याच्या रेषेच्या खाली दोन्ही निरुपयोगी.

यात रंगाऱ्याची जागा कुठे राहिली, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. मुंबईवरील २००८ सालच्या हल्ल्यानंतर मासेमारी होड्यांना राज्यवार ठरावीक रंग आणि नोंदणी क्रमांक ठळक लिहिण्याची सक्ती आली. तिचे कारण योग्य आहे. समुद्रात होडी कुणाची हे दुरून कळलेच पाहिजे. पण रंग सरकारने ठरवला, क्रमांक यंत्राने कापला, जेलकोट कारखान्याने दिला, तर नाळेवरचे हातभर क्षेत्र तेवढे हाताच्या अक्षराला उरते. ते क्षेत्र सोडू नये. जो रंगारी मेण काढणे, अस्तर देणे, वरून पारदर्शक हात देणे शिकेल त्याचे अक्षर स्टिकरपेक्षा जास्त टिकेल, आणि बिघडले तर तेवढेच दुरुस्त करता येईल. फाटलेला स्टिकर दुरुस्त होत नाही.

राहिला पाण्याखालचा भाग. त्याचा रंग शोभेचा नसतो. शेवाळ, शिंपले आणि लाकूड पोखरणारे जीव यांना मारण्यासाठी असतो. जुन्या गलबतांना चुना आणि चरबीचा लेप देत, तो दर हंगामाला खरवडून पुन्हा देत. पुढे कथिलाच्या एका संयुगाचे रंग आले, आणि ते इतके गुणकारी ठरले की साऱ्या जगाने उचलले. फ्रान्समधील आर्काशोन नावाच्या खाडीत लोक कालवांची शेती करतात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील कालवांची कवचे जाड आणि वेडीवाकडी होऊ लागली, पिल्ले धरेनाशी झाली. खाडीत उभ्या असलेल्या हौशी बोटींच्या रंगातून ते संयुग पाण्यात उतरत होते. १९८२ साली फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान बोटींना तो रंग बंद केला. सर्व जगाला लागू असा करार २००१ साली झाला आणि २००८ साली अमलात आला. आज मिळणारे रंग मुख्यतः तांब्याचे असतात. ते कमी घातक, पण निर्विष नव्हेत.

आपल्या भारजा नदीच्या मुखाशीही कालवे आहेत, तिसऱ्या आहेत, आणि बाया ओहोटीला त्या काढायला उतरतात त्याच चिखलाच्या वर होड्या खरवडल्या जातात. जुन्या थरांत शिसे असू शकते, खालच्या थरात तांबे असते. तेव्हा खरवडताना होडीखाली जुनी ताडपत्री पसरावी. कोरडे घासून धूळ उडवण्याऐवजी पाणी मारून घासावे, नाकातोंडाला फडके बांधावे, मुलांना लांब ठेवावे. निघालेले पापुद्रे जाळू नयेत, कारण धुरातून शिसे अंगात जाते. पोत्यात भरून भरतीच्या रेषेपासून आणि विहिरीपासून दूर ठेवावेत. ताडपत्री झाडून गुंडाळली की पुढच्या वर्षीही चालते.